कंटाळ्याचे दिवसाला २० डॉलर

कॅनडात मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला कॉलेजच्या पोरांसाठी एक काम निघालं होतं. काम असं, की काहीच करायचं नाही. एका छोट्या खोलीत पलंगावर पडून राहायचं. खायला-प्यायला मिळणार, संडासला उठता येणार, आणि दिवसाचे २० डॉलर मिळणार. विद्यार्थ्याला एरवी कुठे राबून जे मिळालं असतं त्याच्या दुपटीहून हे जास्त होतं. डोळ्यांवर दुधी काचेसारखा चष्मा, म्हणजे उजेड दिसेल पण आकार दिसणार नाही. हातात सुती मोजे आणि कोपरापासून बोटांच्या पुढेपर्यंत पुठ्ठ्याच्या नळ्या, म्हणजे कशाचा स्पर्श कळणार नाही. डोक्याभोवती फोमची उशी आणि वातानुकूलन यंत्राची अखंड घरघर. बस्स. किती दिवस राहायचं ते तुमच्यावर.

बहुतेक जण दोन-तीन दिवसांत उठून निघून गेले.

हा प्रयोग डोनाल्ड हेब या मानसशास्त्रज्ञाच्या विभागातला. बेक्स्टन, हेरन आणि स्कॉट या त्याच्या सहकाऱ्यांनी १९५४ साली २२ मुलांवरचे निष्कर्ष छापले. त्यातल्या भासांच्या गोष्टी पुढे फार गाजल्या. कोणाला काळ्या टोप्या घातलेली, तोंड उघडं टाकलेली पिवळी माणसं रांगेनं दिसली. कोणाला खांद्यावर पोती टाकून बर्फातून चाललेल्या खारींची मिरवणूक दिसली. मला मात्र त्यातली दुसरीच गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. यातली बरीच मुलं आत जाताना ठरवून गेली होती की आयता निवांत वेळ मिळतोय, तर अभ्यासाची उजळणी करू, निबंधाचा आराखडा डोक्यात तयार करू. परीक्षेच्या आधी ‘फोन बंद करून दोन दिवस कुठेतरी जातो, मग बघ कसा अभ्यास होतो’ असं म्हणणाऱ्या प्रत्येकाचा हाच बेत असतो. या मुलांना ते जमलं नाही. थोडा वेळ विचार धरून ठेवता आला, मग तो सुटायला लागला. पुढे पुढे तर एखादी गोष्ट सलग मनात धरणंही कठीण झालं.

आणि याच मुलांना माइकवरून मागणी करून काही रेकॉर्डिंग ऐकता येत होती. त्यात सहा वर्षांच्या मुलांसाठी केलेलं, दारूचे दुष्परिणाम सांगणारं भाषण होतं. शेअर बाजाराचा एक जुना, शिळा अहवाल होता. बाहेर असताना जे ऐकवलं असतं तर ही पोरं वर्गातून पळून गेली असती, ते ती पुन्हा पुन्हा मागवून ऐकत होती.

त्या खोलीत लक्ष विचलित करणारं काहीच नव्हतं. आणि तिथेच लक्ष लागेनासं झालं.

प्रयोगाला पैसे कॅनडाच्या संरक्षण संशोधन मंडळाचे होते. कोरियन युद्ध चालू होतं, पकडलेले सैनिक शत्रूच्या रेडिओवर भलतेच कबुलीजबाब देत होते, आणि माणसाचं मन असं पोकळ करता येतं का हे सरकारला जाणून घ्यायचं होतं. छापलेल्या लेखात मात्र कारण दिलं होतं ते रडारच्या पडद्याकडे तासन् तास बघण्यासारख्या एकसुरी कामांचं. हेबने पुढे स्वतःच हा आडपडदा दूर केला. त्या प्रयोगाची एक शाखा छळाच्या इतिहासात जाते आणि ती गोष्ट काळीकुट्ट आहे. मी आज तिच्या दुसऱ्या, कमी सांगितल्या जाणाऱ्या शाखेवरून जाणार आहे. ती जाते वर्गातल्या मागच्या बाकाकडे.

आपल्या भाषेत एक सोय आहे. आपण ‘लक्ष देतो’, आणि आपलं ‘लक्ष लागतं’. पहिल्या क्रियेचा कर्ता मी आहे. दुसरीत मी कर्ता नाही, ती माझ्या बाबतीत घडते, जशी झोप लागते, भूक लागते, ठेच लागते. तिसरंही एक आहे, लक्ष वेधलं जातं. तिथे तर कर्ता समोरची वस्तू. विल्यम जेम्सने १८९०च्या आपल्या मानसशास्त्राच्या जाडजूड ग्रंथात जवळपास हीच विभागणी केली होती, एक प्रयत्नपूर्वक दिलेलं लक्ष आणि दुसरं आपोआप खेचलं जाणारं. हेतुपूर्वक लक्ष एका वेळी काही सेकंदांपलीकडे टिकत नाही, ते पुन्हा पुन्हा ओढून आणावं लागतं, असंही तो म्हणत होता. पालक-शिक्षक ओरडतात ते ‘लक्ष दे’ म्हणून. मुलगा उत्तर देतो ‘लागत नाही’. दोघं वेगवेगळ्या क्रियापदांबद्दल भांडत असतात आणि शंभरेक वर्षांचं संशोधनही बराच काळ याच गोंधळात होतं.

पहिली मोजणी झाली ती मुलांवर नव्हे, सैनिकांवर. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश विमानदलाला एक विचित्र अडचण आली. समुद्रावर गस्त घालताना रडारवर पाणबुडीचा ठिपका शोधत बसणारे जवान, चांगले प्रशिक्षित, जिवावर बेतलेलं असताना, समोर आलेला ठिपका पाहत नव्हते. नॉर्मन मॅकवर्थने केंब्रिजमध्ये यासाठी एक घड्याळ बनवलं. पांढरी कोरी तबकडी, आकडे नाहीत, एकच काळा काटा. काटा दर सेकंदाला एक उडी मारतो. अधूनमधून, कधी ते सांगता येणार नाही, तो एकदम दोन उड्या मारतो. ते दिसलं की बटण दाबायचं. दोन तास, एकट्याने.

पहिल्या अर्ध्या तासातच घसरण सुरू झाली. जवान झोपलेला नव्हता, डोळे काट्यावरच होते, पण काटा दोनदा उडाला हे त्याला ‘दिसलं’ नाही. १९४८ साली मॅकवर्थने हे छापलं. त्यातला एक तपशील मला फार आवडतो. मध्येच खोलीतला फोन वाजवून जवानाला ‘आता जरा आणखी चांगलं कर’ एवढंच सांगितलं, की त्याची कामगिरी पुन्हा पहिल्यासारखी होई. काही काळापुरती. नवीन माहिती काही मिळाली नव्हती. फक्त काहीतरी घडलं होतं. दुसरा उपाय म्हणून मॅकवर्थने गोळी वापरून पाहिली, बेन्झेड्रिन, म्हणजे अ‍ॅम्फेटामीन. तिनेही घसरण थांबवली.

ही गोळी तोवर लहान मुलांपर्यंत पोचलेली होती, आणि ती गोष्ट अटलांटिकच्या पलीकडची आहे. अमेरिकेत ऱ्होड आयलंड राज्यात जॉर्ज ब्रॅडली नावाच्या श्रीमंत गृहस्थाची एकुलती एक मुलगी एमा सात वर्षांची असताना मेंदूच्या तापानं कायमची अपंग झाली. तिच्यासारख्यांसाठी देशात कुठे जागाच नाही हे पाहून आईबापांनी आपली संपत्ती मुलांच्या रुग्णालयासाठी ठेवली. एमा पेंडल्टन ब्रॅडली होम १९३१ साली उघडलं. तिथले डॉक्टर चार्ल्स ब्रॅडली हे त्याच घराण्यातले. मेंदूचा एक्स-रे काढण्यासाठी त्या काळी पाठीच्या मणक्यातून द्रव काढून आत हवा सोडत, आणि त्यानं मुलांचं डोकं भयंकर दुखे. बेन्झेड्रिन दिलं तर द्रव लवकर भरून येईल आणि दुखणं थांबेल, असा ब्रॅडलींचा कयास होता. डोकेदुखीला फारसा फरक पडला नाही. पण शाळेच्या शिक्षकांनी येऊन सांगितलं की मुलांना काय दिलंत? ती गणितं सोडवत बसली आहेत.

१९३७ साली ब्रॅडलींनी ५ ते १४ वयाच्या ३० मुलांवरची निरीक्षणं छापली. त्यातल्या १४ जणांचा अभ्यासातला बदल डोळ्यांत भरण्यासारखा होता. मुलांनी स्वतःच त्या औषधाला नाव ठेवलं होतं, गणिताच्या गोळ्या. आधीच चळवळ्या असलेल्या पोराला उत्तेजक दिल्यावर ते शांत होतं, हे ब्रॅडलींनाही कोडंच वाटलं होतं. मॅकवर्थचं घड्याळ शेजारी ठेवलं की कोडं थोडं सुटल्यासारखं वाटतं. कंटाळलेल्या, मंदावत चाललेल्या जागरूकतेला कुठूनतरी आच मिळाली की लक्ष टिकतं. सैनिकाला फोनच्या घंटीनं मिळाली, मुलाला गोळीनं. ज्याला दोन्ही मिळत नाही तो बाकाखाली शेजाऱ्याच्या बुटाची नाडी सोडतो, खिडकीतून उडी मारता येईल का याचा अंदाज घेतो. इथे सावध राहायला हवं, कारण मेंदूत ते इतकं सरळ चालत नाही. उत्तेजक औषधाने फक्त अस्वस्थ मुलंच नव्हे, तुमच्या-माझ्यासारख्या कोणाचंही लक्ष थोडं जास्त टिकतं. त्यामुळे गोळी लागू पडली म्हणजे आजार होताच, असा उलटा तर्क चालत नाही. तो अनेक वर्षं चालवला गेला हे मात्र खरं.

या मुलांच्या अवस्थेची नावं बदलत गेली तीही वाचण्यासारखी आहेत. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या १९६८च्या नियमपुस्तकात ती होती ‘बालपणातली अतिचलनशील प्रतिक्रिया’, म्हणजे भर हालचालीवर. १९८०च्या आवृत्तीत झालं ‘लक्ष-न्यूनता विकार’. १९८७ साली दोन्ही जोडून आज आपण ज्याला एडीएचडी म्हणतो ते नाव आलं. पोरं तीच होती. १९६८ साली मोठ्यांना त्यांचे पाय दिसले, १९८० साली डोळे. आणि या सगळ्या काळात वर्गात शांत बसून खिडकीबाहेर हरवून जाणारी मुलं, त्यातही मुली, कोणाच्याच यादीत फारशा आल्या नाहीत, कारण त्यांचा कोणाला उपद्रव नव्हता.

आता पुन्हा त्या रिकाम्या खोलीकडे. मॅकगिलनंतर असे प्रयोग बऱ्याच ठिकाणी सुरू झाले. फिलाडेल्फियाच्या एका रुग्णालयात त्यात काम करणारा एक तरुण मानसशास्त्रज्ञ होता मार्विन झुकरमन. त्याला प्रश्न पडला की त्याच खोलीत एक माणूस तासाभरात कासावीस होतो आणि दुसरा आरामात पडून राहतो, हे आधी ओळखता येईल का? त्यासाठी त्यानं प्रश्नसंच बनवायला घेतला. गंमत पुढे झाली. अशा प्रयोगाला स्वेच्छेनं कोण येईल? शांतता आवडणारी, एकलकोंडी मुलं येतील, असं वाटणं साहजिक होतं. आली ती मोटरसायकलवाली, लांब केसांची, रात्र रात्र भटकणारी. खोलीत भास होतात हे त्यांच्या कानावर गेलं होतं आणि त्यांना तेच हवं होतं. आत गेल्यावर भास आले नाहीत की सगळ्यात आधी चुळबुळ सुरू करणारीही हीच.

या पोरांसाठी झुकरमनला नाव हवं होतं. ‘थरार’ त्याला पुरेसा वाटला नाही, कारण ती फक्त कड्यावरून उडी मारत नव्हती. त्यांना अनोळखी संगीत हवं होतं, विचित्र खाणं, विचित्र माणसं. १९६४ साली त्यानं आणि सहकाऱ्यांनी ‘सेन्सेशन सीकिंग’ची पहिली मोजपट्टी छापली. मी तिला मराठीत नव्या संवेदनेची भूक म्हणेन. १९७८पर्यंत तिचं पाचवं रूप तयार झालं. ४० जोड्या, प्रत्येक जोडीतलं एक विधान निवडायचं, ‘मधलं काहीतरी’ म्हणायची सोय नाही. दहा-दहा जोड्यांचे चार गट. एक, उंची-वेग-खोल पाणी यांची ओढ. दोन, नव्या अनुभवांची ओढ. तीन, बंधनं झुगारून मौज करण्याची ओढ. आणि चौथा गट, कंटाळा किती लवकर येतो. मी हा संच सोडवून पाहिला. उंचीच्या प्रश्नांत माझी अवस्था केविलवाणी, शिवनेरीच्या पायऱ्यांवरही मी कठडा धरून चालतो. कंटाळ्याच्या प्रश्नांत मात्र भरघोस गुण. ही चार पोती एकाच माणसाच्या पाठीवर असतीलच असं नाही, हे झुकरमनचं सगळ्यात उपयोगी निरीक्षण आहे असं मला वाटतं, आणि सगळ्यात जास्त विसरलं गेलेलंही.

या भुकेचा लक्षाशी संबंध काय, हे त्यानं १९७६ साली एका सहकाऱ्यासह तपासलं, आणि तेही प्रश्न न विचारता. पावलोवच्या प्रयोगशाळेपासून एक गोष्ट माहीत होती. अचानक आवाज झाला की कुत्रा कान टवकारतो, मान वळवतो. पावलोव त्याला गमतीनं ‘हे काय आहे?’ प्रतिक्षेप म्हणे. माणसात तो तळहाताच्या घामावरूनही मोजता येतो, त्वचेतून अगदी क्षीण वीजप्रवाह सोडून. झुकरमननं भूक जास्त असलेल्या आणि कमी असलेल्या विद्यार्थ्यांना एकच साधी आकृती पुन्हा पुन्हा दाखवली. पहिल्यांदा आकृती आली तेव्हा भुकेल्या पोरांचा ‘हे काय?’ दुसऱ्यांपेक्षा चांगलाच मोठा होता. दुसऱ्या-तिसऱ्या वेळेपासून दोन्ही गट सारखे. मग आकृती बदलली. भुकेल्यांचा काटा पुन्हा वर.

म्हणजे या पोरांकडे लक्ष कमी असतं हे म्हणणं चूक ठरतं. पहिल्या क्षणी ते इतरांपेक्षा जास्त असतं. वर्गात नवा शिक्षक आला की पहिली दहा मिनिटं सगळ्यात सावध कोण असतं ते आठवा. आणि त्याच वेळी एडीएचडी आणि ही भूक एकच नव्हेत हेही उघड होतं. एडीएचडीतल्या उतावळेपणाची आणि या भुकेची हद्द एकमेकांत शिरते, पण खिडकीबाहेर हरवलेल्या शांत मुलीला कड्यावरून उडी मारायची नसते, आणि हिमालयात चढाईला जाणारी कित्येक मुलं दोरीची गाठ बांधताना तासन् तास एकाग्र असतात.

एवढं समजलं की ते ज्ञान विकणारे येतातच, पण पहिला गंभीर उपयोग केला तो सरकारी पैशावर काम करणाऱ्या, केंटकी विद्यापीठातल्या लुईस डोनोह्यू आणि फिलिप पाल्मग्रीन या संवाद-अभ्यासकांनी. अमेरिकेत १९८०च्या दशकात मुलांना नशेपासून दूर ठेवण्याचा मोठा गजर चालला होता. १९८३ साली लॉस एंजेलिसमध्ये सुरू झालेल्या डेअर कार्यक्रमात गणवेशातला पोलीस वर्गात येऊन धडे देई. १९८७ साली टीव्हीवर तव्यात अंडं फोडून ‘हा तुमचा नशेतला मेंदू’ सांगणारी जाहिरात आली. डेअरचा मुलांच्या वागण्यावर फारसा परिणाम होत नाही, असं पुढे एकामागून एक पाहण्यांत दिसलं. डोनोह्यूचं म्हणणं साधं होतं. गांजाकडे वळण्याची शक्यता सगळ्यात जास्त कोणाची? संवेदनेची भूक जास्त असलेल्यांची. आणि तुमच्या उपदेशाकडून सगळ्यात आधी मान फिरवणारं कोण? तीच. जाहिरात त्यांच्या नजरेसाठी बनवा. वेगवान कापाकापीची, अनपेक्षित, जोरकस संगीताची, नैतिक उपदेश कमीत कमी. आणि ती त्यांच्याच आवडीच्या कार्यक्रमांच्या मध्ये दाखवा.

प्रयोग दोन काउंट्यांत झाला, केंटकीतल्या लेक्सिंग्टनची फेएट आणि टेनेसीतल्या नॉक्सव्हिलची नॉक्स. दोन्हीकडे ३२ महिने, दर महिन्याला साधारण १०० शाळकरी मुलांच्या मुलाखती, दर वेळी नवी मुलं. एके ठिकाणी जाहिराती १९९७ आणि १९९८ साली, दुसऱ्या ठिकाणी फक्त १९९८ साली, म्हणजे वारा फिरला तर तो जाहिरातीमुळेच हे ओळखता येईल. २००१ साली निकाल छापून आला. भूक जास्त असलेल्या मुलांत वयाबरोबर गांजाचं प्रमाण चढत चाललं होतं. तिन्ही मोहिमांनंतर त्या चढत्या रेषेनं खाली तोंड वळवलं. भूक कमी असलेल्यांत तसंही प्रमाण नगण्यच होतं, तिथे काही बदललं नाही.

याच सुमारास अमेरिकी सरकारनं देशभर स्वतःची मोहीम चालवली. १९९८ ते २००४ या काळात तिच्यावर जवळजवळ १ अब्ज डॉलर गेले. रॉबर्ट हॉर्निक आणि सहकाऱ्यांनी २००८ साली तिचा हिशेब मांडला, तेव्हा दिसलं की जाहिराती जास्त पाहिलेल्या मुलांनी गांजा कमी ओढला नव्हता. उलट काहींच्या मनात असा समज बसलेला दिसला की एवढं सांगतायत म्हणजे आजूबाजूची सगळी पोरं ओढत असणार. लक्ष वेधणं आणि मन वळवणं यात केवढं अंतर आहे, हे १ अब्ज डॉलर खर्चून कळलं. केंटकीचं काम छोटं आणि काटेकोर होतं, देशभराचं मोठं आणि ढिसाळ, इतकं म्हणून मला हा विषय मिटवता येत नाही. आज तुमच्या हातातल्या पडद्यावर रील बनवणाऱ्याला पहिल्या दोन सेकंदांत तुमचा ‘हे काय?’ मिळवायचा असतो. ती कारागिरी नशेविरुद्धच्या जाहिरातीत आधी वापरली गेली होती, हे मला जरा अस्वस्थ करतं.

१९९६ साली मध्येच एक जनुक गाजलं. डोपामिन ग्रहण करणाऱ्या डीआरडी४ नावाच्या जनुकाच्या एका लांब रूपाचा संबंध नावीन्याच्या ओढीशी आहे असं दोन गटांनी एकाच वेळी छापलं, आणि त्याच वर्षी एडीएचडीशीही त्याचा संबंध सांगितला गेला. वर्तमानपत्रांना ‘थराराचं जनुक’ सापडलं. पुढे सगळे अभ्यास एकत्र करून पाहिल्यावर नावीन्याच्या ओढीशी असलेला संबंध जवळजवळ विरून गेला. एवढ्यावर पुढे जाऊ.

जास्त टिकाऊ उत्तर आलं ते फिलाडेल्फियाच्याच टेंपल विद्यापीठातून. लॉरेन्स स्टाइनबर्ग आणि सहकाऱ्यांनी २००८ साली १० ते ३० वयाच्या ९३५ जणांची पाहणी छापली. तोवर संवेदनेची भूक आणि उतावळेपणा या दोन गोष्टी सर्रास एकाच पिशवीत कोंबल्या जात. त्यांनी त्या वेगळ्या मोजल्या. उतावळेपणासाठी रंगीत चेंडूंचं कोडं दिलं आणि पहिली खेळी करण्याआधी मुलगा किती थांबतो ते पाहिलं. भुकेसाठी गाडीचा खेळ दिला, सिग्नल पिवळा झाल्यावर दामटायचं की थांबायचं. मग वयानुसार दोन रेषा काढल्या. उतावळेपणाची रेषा दहाव्या वर्षापासून हळूहळू उतरतच जाते, अगदी तिशीपर्यंत. भुकेची रेषा मात्र आधी चढते, १० पासून साधारण १५पर्यंत, आणि मग उतरते.

या दोन रेषा मी कितीतरी वेळ पाहत बसलो होतो. चौदा-पंधराव्या वर्षी मूल ‘बिघडतं’ असं जे म्हणतात, त्या वर्षी खरं तर ते दहाव्या वर्षापेक्षा जास्त विचार करून वागायला लागलेलं असतं. फक्त भूक त्याच्याही पुढे धावलेली असते. दहावीचं वर्ष, क्लासचे तास आणि घरातल्यांचा ‘आता तरी लक्ष दे’ हे सगळं आपण नेमकं त्या शिखरावर आणून ठेवलं आहे, हा योगायोग कोणी मुद्दाम रचला नसावा.

स्टाइनबर्गच्या गटाचा आणखी एक प्रयोग आहे, २००५चा, मार्गो गार्डनरबरोबरचा. ३०६ जणांना संगणकावर गाडी चालवायला दिली. तीन वयोगट: १३ ते १६, १८ ते २२, आणि २४च्या पुढचे. काहींनी एकट्यानं खेळायचं, काहींनी दोन सोबती पाहत आणि सल्ले देत असताना. एकट्यानं खेळताना किशोर आणि मोठे यांच्यात फारसा फरक नव्हता. सोबती आले आणि मोठ्यांच्या खेळात काही बदल झाला नाही, किशोरांचा धोका पत्करणं मात्र कितीतरी वाढलं. २०११ साली मेंदूचं स्कॅनिंग करून हेच पुन्हा पाहिलं. मित्र शेजारच्या खोलीतून पडद्यावर बघतायत एवढं कळलं तरी किशोरांच्या मेंदूतला बक्षिसाला प्रतिसाद देणारा भाग जास्त पेटत होता. मित्र काही बोलतही नव्हते. मुलाचं लक्ष रस्त्यावर होतंच. पण रस्ता आता दोन जणांच्या डोळ्यांनी बघितला जाणारा रस्ता झाला होता. दहीहंडीच्या थरावर सगळ्यात वर चढणाऱ्या पोराला हे सांगायला स्कॅनरची गरज नाही.

न्यूझीलंडच्या सरकारनं या प्रयोगांची वाट पाहिली नव्हती. तिथे १९८७ साली जगात पहिल्यांदा वाहन परवाना टप्प्याटप्प्यानं द्यायची पद्धत पुरती लागू झाली. नवख्यानं रात्री गाडी चालवायची नाही, आणि सोबत समवयस्क बसवायचे नाहीत. कॅलिफोर्नियात १९९८ साली असाच कायदा लागू झाला: परवाना मिळाल्यावर पहिले सहा महिने २० वर्षांखालचा प्रवासी घ्यायचा नाही, मोठं कोणी सोबत असेल तरच चालेल. २००० साली अमेरिकेतल्या अपघातांची आकडेवारी छापून आली, तीत १६-१७ वर्षांच्या चालकाच्या मृत्यूचा धोका गाडीत बसलेल्या प्रत्येक जादा प्रवाशागणिक वाढत गेलेला दिसतो. २००६पासून कॅलिफोर्नियात सहा महिन्यांचं वर्ष झालं. कायद्यात चालकाच्या एकाग्रतेबद्दल, स्वभावाबद्दल किंवा औषधाबद्दल एक अक्षर नाही. वर्षभर मागची सीट रिकामी ठेवायची, एवढंच आहे.